घरातली केवायसी

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या वाचनकट्ट्यावर काही सभासदांनी आवडलेल्या पुस्तकांविषयी भाषणे केली. त्यांतील बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींचे भाषण येथे देत आहोत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मी चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आत बसले. तिथे समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय लागते, माईकवर बोलायची नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगते. आमचे हे पहिल्या रांगेत अगदी डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर बसले आहेत. मधल्या खुर्च्या रिकाम्या असताना ते तिकडे का बसले, याचा आणि आजच्या पुस्तकाचा संबंध आहे. तो शेवटी येईल. मी काय काय सांगणार ते मी त्यांना आधी वाचून दाखवलंय आणि त्यांची परवानगी घेतली आहे. दोन ओळी त्यांनी खोडायला लावल्या, त्या खोडल्या.

मागच्या वर्षी आमची लेक टोरांटोहून आली तेव्हा तिनं मला एक इंग्रजी कादंबरी दिली. नाव ‘फो’. फो म्हणजे शत्रू. लेखक इयन रीड, हे कॅनडाचे. पुस्तक २०१८ सालचं आहे, आणि २०२३ मध्ये त्यावर सिनेमाही आला. मी म्हटलं, अगं, नवराबायकोच्या गोष्टीचं नाव शत्रू? ती म्हणाली, “आई, तू वाच. मग बोलू.” मी डिक्शनरी शेजारी ठेवून तीन आठवड्यांत वाचलं. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी छोटी आहेत. पहिली शंभरेक पानं मात्र काहीच घडत नाही असं वाटतं. दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. पण चूल विझली म्हणून आपण राखेत हात घालावा आणि आत निखारा असावा, तशातली ही गोष्ट आहे. चटका उशिरा बसतो.

गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण त्याच्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही. ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी दहा मिनिटं गच्चीवर जाऊन यावं!

काळ पुढचा आहे, फार लांबचा नाही. एक नवराबायको आहेत. त्याला सगळे ज्युनिअर म्हणतात. तिचं नाव हेन्रिएटा, तो तिला हेन म्हणतो. जुनं घर, आजूबाजूला मैलोन्‌मैल कनोलाची शेतं. कनोला म्हणजे मोहरीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं पीक. शेजारी कुणी नाही. तो पशुखाद्याच्या गिरणीत कामाला जातो, घरी येतो, कोंबड्यांना दाणे घालतो, जेवतो, झोपतो. त्याचं बरं चाललंय. तिचं बरं चाललंय का, हे त्यानं कधी विचारलेलं दिसत नाही. दोघांत भांडण नाही, मारहाण नाही, तिसरी बाई नाही. नुसती शांतता आहे. ज्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली त्यांना ही शांतता ठाऊक असते. टीव्ही चालू असतो, पोळ्या होतात, दुधाचा हिशेब होतो, आणि रात्री लक्षात येतं की दिवसभरात आपण एकमेकांशी दहा वाक्यं बोललो आणि ती दहाही कामाची होती.

एका रात्री त्यांच्या घरासमोर एक गाडी येऊन थांबते. दिवे हिरवट. टेरन्स नावाचा कोट घातलेला, गोड बोलणारा गृहस्थ उतरतो. तो आउटरमोर नावाच्या कंपनीचा माणूस. अंतराळात माणसांची वस्ती उभारायचं काम चालू आहे, त्यासाठी लोक सोडतीनं निवडताहेत, आणि ज्युनिअरचं नाव पहिल्या यादीत आलंय. ज्युनिअरनं अर्ज केलेला नाही. तरी ‘नको’ म्हणायची सोय नाही. हा बहुमान आहे, असं सांगितलं जातं.

नंतर दोन वर्षं जातात आणि टेरन्स परत येतो. निवड पक्की झालेली असते. तो म्हणतो, काळजी करू नका, तुम्ही जाल तेव्हा तुमच्या पत्नीला आम्ही एकटं ठेवणार नाही. तुमच्या जागी एक बदली देऊ. हुबेहूब तुम्ही. तोच चेहरा, तोच आवाज, त्याच आठवणी. ही बदली तयार करायची म्हणून टेरन्स त्यांच्या घरातच मुक्काम ठोकतो. ज्युनिअरची मापं घेतो, प्रश्न विचारतो, दोघांना वेगवेगळं बसवून बोलतं करतो. तुमची भेट कशी झाली, ती कशानं चिडते, तिला काय आवडतं. आणि ज्युनिअर मोठ्या खात्रीनं उत्तरं देत राहतो. माझ्याइतकं तिला कुणी ओळखत नाही, ही त्याची खात्री.

वाचताना आपल्याला वाटतं, शत्रू कोण ते कळलं. टेरन्स! परका पुरुष घरात घुसला, बायकोशी दार लावून बोलतो. ज्युनिअरलाही तसंच वाटतं. पण हेनचं वागणं विचित्र आहे. ती ज्युनिअरकडे कधी मायेनं बघते, कधी घाबरून बघते, कधी नजरच चुकवते. ती टेरन्सला विचारायचे प्रश्न ज्युनिअरला विचारत नाही. तिला काहीतरी माहीत आहे आणि ते ती सांगत नाही, एवढं आपल्याला कळतं.

आणि मग निखारा लागतो. सगळी गोष्ट आपल्याला जो सांगतोय, तो ज्युनिअरच बदली आहे! खरा ज्युनिअर केव्हाच गेलेला आहे. आणि त्या बदलीला स्वतःलाही हे ठाऊक नाही. तो मनापासून स्वतःला नवराच समजतो. हेनला मात्र सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

इथे लेखकानं एक गंमत करून ठेवली आहे. पुस्तकात सगळ्यांचं बोलणं अवतरणचिन्हांत छापलंय, पण ज्युनिअरच्या बोलण्याला अवतरणचिन्हं नाहीत. मला वाटलं, छापखान्याची चूक असेल. शेवट वाचल्यावर कळलं की ती खूण होती. पुस्तकभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती बघून न बघितल्यासारखी केली. बँकेत सह्या तपासण्यात माझी हयात गेली, तरी!

पुढचं आणखी वाईट आहे. खरा ज्युनिअर परत येतो, बदलीला बंद करून घेऊन जातात. आता सगळं पूर्ववत व्हायला हवं. होत नाही. कारण मधल्या काळात तो बनावट नवरा हेनकडे नव्या नजरेनं बघायला लागला होता. त्याला सगळ्याचंच कुतूहल होतं. भिंतीवर शिंगवाला भुंगा दिसला तर तो थांबून बघायचा. बायको गप्प झाली तर का गप्प झाली, याचा विचार करायचा. खरा नवरा परत आला तो जसा गेला होता तसाच. घर माझं, बायको माझी, जेवायला काय आहे? हेनला ते सहन होत नाही. ती निघून जाते. आणि कंपनी काय करते? तिच्या जागी बदली हेन आणून ठेवते. ही हेन हसतमुख आहे, कुरकुर करत नाही. ज्युनिअर खूष. बायको हल्ली समजूतदार झाली, असं त्याला वाटतं. बस्स. शेवटच्या पानांत या नव्या हेनच्या बोलण्याला अवतरणचिन्हं नाहीत. वाचणाऱ्याला कळतं. ज्युनिअरला कळलं असं कुठे दिसत नाही.

पुस्तक मिटलं आणि मी रात्री अडीच वाजता उठून पाणी प्यायले.

आता तुम्ही म्हणाल, ही परदेशातली, त्यातून पुढच्या काळातली गोष्ट. आपला काय संबंध? पण ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. माझ्या आजीनं मला शनीची गोष्ट सांगितली होती, तुमच्याही घरात सांगितली असेल. सूर्याची बायको संज्ञा, विश्वकर्म्याची मुलगी. तिला नवऱ्याचं तेज सोसवेना. तिनं काय केलं? आपल्यासारखीच हुबेहूब एक छाया तयार केली, तिला संसारात ठेवलं आणि आपण निघून गेली. सूर्याला कळलं का? नाही! जगाला उजेड देणारा तो, पण घरातली बायको बदललेली त्याला दिसली नाही. छायेपासून मुलं झाली, त्यांतलाच शनी. पुढे छाया सावत्रपणा करायला लागली, यमाला तिनं शाप दिला, तेव्हा सूर्य विचारात पडला की सख्खी आई असा शाप देईल का? म्हणजे जे त्याला दिसायला हवं होतं ते मुलांमुळे दिसलं.

दुसरी गोष्ट राजस्थानची. विजयदान देथा यांची ‘दुविधा’. तिच्यावर मणी कौल यांनी १९७३ मध्ये चित्रपट केला आणि २००५ मध्ये आपल्या अमोल पालेकरांनी ‘पहेली’. शाहरुख आणि राणी मुखर्जी होते, तो. लग्न होताच नवरा व्यापारासाठी पाच वर्षांकरता निघून जातो. नवरीवर एका भुताचा जीव जडतो. ते नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. पण ते भूत प्रामाणिक! मी तुझा नवरा नाही, असं ते तिला पहिल्याच भेटीत सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. नवऱ्यानं तिला जाताना काही विचारलं नव्हतं. भुतानं विचारलं. ती भुताला हो म्हणते.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला एक धागा दिसला. बदली येते ती नंतर. जागा आधीच रिकामी झालेली असते. ज्युनिअरनं हेनला, सूर्यानं संज्ञेला, त्या व्यापाऱ्यानं आपल्या नवरीला एकदा बघितलं, ‘समजलं’ म्हणून शिक्का मारला आणि फाईल बंद केली. त्यानंतर ते बायकोबरोबर राहत नव्हते, त्या फाईलबरोबर राहत होते. मग फाईल तीच राहून माणूस बदललं, तर कळणार कसं?

इथपर्यंत पुस्तकाचं झालं. आता आमच्या घरातलं सांगते.

२००० साली आपल्याला ताबा मिळाला, तेव्हा इथे लिफ्ट चालू नव्हती, समोर रस्ता नव्हता आणि पाणी टँकरचं होतं. जुन्या मंडळींना आठवत असेल. गृहकर्जाचा हप्ता आमच्या दोघांच्या पगारात जेमतेम बसायचा. २००२ मध्ये ह्यांना मस्कतला नोकरी चालून आली. तीन वर्षांचा करार. ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं : “मी हो म्हणून आलोय.” माझ्यासाठीच, घरासाठीच होतं ते. पण विचारलं नाही. मीही ‘मला विचारलं का नाही’ असं विचारलं नाही. बॅगा भरल्या. लोणच्याची बरणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिली.

तीन वर्षं दर शुक्रवारी फोन. तिकडे शुक्रवारी सुट्टी. मिनिटामिनिटाला पैसे पडायचे, म्हणून बोलणं ठरलेलं. कशी आहेस, बरी आहे, हप्ता गेला का, गेला, लेक अभ्यास करते का, करते. मंडळी, त्या फोनवर माझ्याऐवजी कुणी टेप लावली असती तरी ह्यांना कळलं नसतं. आणि त्यांच्याऐवजी लावली असती तर मलाही नाही.

मग आला २६ जुलै २००५. तो दिवस या हॉलमधल्या कुणाला सांगायला नको. डोंबिवली पाण्यात होती. आपल्या तळमजल्यावरच्या घरांत कमरेइतकं पाणी होतं. दिवे नाहीत, फोन नाहीत. मी लेकीला तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या काकूंकडे सोपवलं आणि आपले वॉचमनकाका, ए विंगमधली दोन मुलं आणि मी, आम्ही तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्यानं वर आणलं. त्या रात्री माझ्या घरात अकरा माणसं झोपली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुरेल असा पिठल्याचा टोप मी गॅसवर चढवला. त्याच्या आधी मी मीटरच्या खोलीत एकटी जायलासुद्धा घाबरायचे. त्या दिवसानंतर मी कमिटीवर आले, प्लंबरशी भांडायला शिकले, स्कूटर शिकले. मी बदलले, असं मला स्वतःला कळलं.

ह्यांनी मस्कतला टीव्हीवर पाणी बघितलं. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी लागला तेव्हा ह्यांनी विचारलं, कशी आहेस? मी म्हटलं, बरी आहे.

डिसेंबरमध्ये हे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्याआधी उठून चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. दोन चमचे साखर. गेल्यापूर्वी मी घ्यायचे तसा. पण मधे, २००४ मध्ये, डॉक्टरांनी माझी साखर बंद केली होती. वर्षभर मी बिनसाखरेचाच चहा पीत होते. फोनवर हे कधी बोलण्यात आलं नव्हतं.

आता एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? म्हणाली असती, अहो, मी साखर सोडली. मी नाही म्हटलं. मी तो चहा प्यायले आणि मनात म्हटलं, बघू या, ह्यांच्या कधी लक्षात येतं. घरात गोळ्या समोर होत्या, डब्यातली साखर उतरत नव्हती, पाहुण्यांकडे मी बिनसाखरेचा मागत होते. मी आठ महिने तो गोड चहा प्यायले. आठ महिने मी माझ्या नवऱ्याची परीक्षा घेत होते, आणि परीक्षा चालू आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मला झापलं तेव्हा घरी येऊन मी तो कप बेसिनमध्ये ओतला आणि वर्षानुवर्षांचं जे काही होतं ते सगळं बोलले. हे म्हणाले, “मग सांगायचं ना!” मी म्हटलं, “दिसायला नको?”

तेव्हा माझी अगदी खात्री होती की चूक ह्यांची. आणखी एक पुरावा माझ्याकडे होता. परत आल्यापासून मी बोलायचे आणि हे उत्तरच द्यायचे नाहीत. सोफ्यावर, जेवायच्या टेबलाशी, रात्री झोपताना. मी काही म्हणावं आणि ह्यांनी समोर बघत राहावं. मी ठरवून टाकलं की यांचं माझ्याकडे लक्षच नाही, मी आता यांना नकोशी झाले. शिक्का मारला, फाईल बंद.

२००७ च्या गणपतीत एका संध्याकाळी वॉचमनकाका मला गेटपाशी म्हणाले, “वहिनी, साहेबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं का हो? मी डावीकडून हाक मारली तर वळत नाहीत, उजवीकडून मारली की लगेच वळतात.”

मी तिथेच उभी राहिले. सोफ्यावर मी कुठे बसते? डावीकडे. टेबलाशी? डावीकडे. झोपते कुठे? डावीकडे. बायकोला वामांगी म्हणतात ना, मी आपली निमूटपणे डाव्या अंगाला बसून बोलत होते, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

ह्यांना विचारलं. आधी नाही नाही म्हणाले. मग सांगितलं. तिकडे कॉम्प्रेसरच्या खोलीत काम होतं, पहिल्या दोन वर्षांतच डावा कान गेला होता. तिथे सांगितलं असतं तर करार मोडला असता आणि आपले हप्ते थांबले असते. इथे आल्यावर सांगितलं असतं तर मी रडले असते. म्हणून सांगितलं नाही. पावणेदोन वर्षं माझा नवरा अर्ध्या कानानं घरात वावरत होता आणि मी, जी साखरेवरून त्यांची परीक्षा घेत होते, तिला ते दिसलं नाही. दिसलं कुणाला? गेटवर उभं राहून आपल्या सगळ्यांना रोज येताजाता बघणाऱ्या माणसाला. त्याचं कारण साधं आहे. वॉचमनकाकांनी ह्यांच्यावर कुठला शिक्का मारून ठेवला नव्हता, ते रोज बघत होते.

‘फो’ वाचताना मला हे सगळं आठवलं. आणि एका बाबतीत माझं लेखकाशी पटलं नाही. पुस्तक वाचून आपण ज्युनिअरवर चिडतो, हेनची कीव करतो. ते बरोबरच आहे, कारण न विचारता गृहीत धरलं गेलं ते तिला. पण गोष्ट सगळी पुरुषाच्या तोंडून आहे. हेननं ज्युनिअरला काय काय सांगितलं नाही, किती गोड चहा ती गप्प बसून प्यायली, हे आपल्याला तिच्या तोंडून कळतच नाही. मला ते वाचायला आवडलं असतं. न बघणं हा एक गुन्हा, पण न सांगता तो दिसायची वाट बघत बसणं हाही त्याचाच जुळा भाऊ आहे. पुस्तकाचं नाव शत्रू. मला विचाराल तर शत्रू टेरन्स नाही, ती बदलीही नाही. ‘मला माहीत आहे’ हे तीन शब्द आहेत.

तरुण मुलींना मी एक सांगेन, नाही तर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ काढाल. हेन निघून जाते, ती चुकली असं मी म्हणत नाही. सांगूनही जिथे ऐकलं जात नाही, दोन्ही कान शाबूत असून ऐकलं जात नाही, तिथे काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. संज्ञाही गेली होती. पण तिच्या गोष्टीचा शेवट मला फार आवडतो. सूर्याला कळल्यावर तो तिला ओढत परत आणत नाही. तो सासऱ्याकडे, विश्वकर्म्याकडे जातो आणि स्वतःचं तेज तासून कमी करून घेतो. मग तिला शोधायला जातो. देव असून त्यानं स्वतःला तासून घेतलं! ज्युनिअरला ते सुचलं नाही, म्हणून त्याच्या वाट्याला अवतरणचिन्हं नसलेली बायको आली.

आता शेवटचं. बँकेत आम्ही केवायसी करायचो. तुमचा ग्राहक ओळखा. तुम्ही सगळे वैतागता, मला माहीत आहे. “मॅडम, वीस वर्षं खातं आहे, परत कशाला फोटो?” नियम असा आहे की ज्या खात्यात जोखीम जास्त, त्याची माहिती दोन वर्षांनी नव्यानं घ्यायची, मध्यम असेल तर आठ वर्षांनी आणि कमी असेल तर दहा वर्षांनी. कारण माणसाचा पत्ता बदलतो, सही बदलते, चेहरा बदलतो. जुन्या कागदावर विसंबलं की घोटाळा होतो. मी हजारो लोकांची केवायसी केली आणि घरातली एक करायची राहिली.

नवराबायकोचं खातं कुठल्या जोखमीचं, ते तुमचं तुम्ही ठरवा! आम्ही आता दर पाडव्याला करतो. ओवाळून झालं की समोरासमोर बसतो आणि एकमेकांना विचारतो, या वर्षात तुझं काय बदललं, जे मला माहीत नाही? पहिल्या वर्षी दोघांनाही हसू आलं, काय बोलावं सुचेना. आता अर्धा तास पुरत नाही. मागच्या पाडव्याला हे म्हणाले, “मला तुझी शेपूची भाजी कधीच आवडली नव्हती.” अडतीस वर्षांनी! चालायचंच. नोंद करून घेतली.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचा ठराव आपण मागच्या सभेत केला. बाहेरून रंग चांगला दिसतो, पण आत गळती कुठे आहे ते बघायला हवं, असं सेक्रेटरीच म्हणाले. घराघरांतही ते एकदा करावं, एवढंच मला सांगायचं होतं.

आणि हे टोकाच्या खुर्चीवर का बसलेत ते आता कळलंच असेल. तिथून माझा आवाज उजव्या कानाला येतो. घरीही आता मी उजव्या बाजूला बसते.

बाहेर चहा तयार आहे. साखर वेगळी ठेवायला सांगितली आहे.